वरची ओळ तशीच

१

वाल्मीकची तीन बोटं गेली ती सोमवारी सकाळी, साडेनऊच्या सुमारास. सातपूरच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये पत्र्याला आकार देणारी प्रेस आहे. ती खाली यायला नको होती तेव्हा खाली आली. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला आधी वाटलं, पत्रा फाटला. मग वाल्मीक ओरडला.

या प्रेसला दोन बटणं, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच ती खाली येणार, म्हणजे दोन्ही हात बटणांवर आणि बोटं शाबूत. हे सांभाळणारा कोड लिहिला होता त्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका चौदा माणसांच्या कंपनीनं. मंगळवारी तो कोड उघडला तेव्हा अर्ध्या सेकंदाच्या जागी पाच सेकंद होते.

पाच सेकंद! म्हणजे एक बटण दाबलं, पत्रा वाकडा दिसला, तोच हात आत घालून पत्रा सरळ करायला गेलं आणि तेवढ्यात दुसऱ्या हाताचा धक्का दुसऱ्या बटणाला लागला, की खेळ खलास. नेमकं तेच झालं होतं.

बदल कोणी केला हे शोधायला काही गुप्तहेर लागत नाही. कोडमधल्या प्रत्येक बदलापुढे नाव आणि वेळ आपोआप पडते. नाव होतं कुंदनचं. वेळ आदल्या गुरुवारची, दुपारी चार वाजून बारा मिनिटं.

बुधवारी मालकीणबाई तृप्ती मॅडमनी मंजुषाला केबिनमध्ये बोलावलं. मंजुषा कंपनीत अकरा वर्षं, आता टीम लीड, आणि प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी म्हणून थोडी नावडती. मॅडमना आज अशीच बाई हवी होती.

"शनिवारी अकराला पोलीस येतायत जबाब घ्यायला," मॅडम म्हणाल्या. "कुंदननं कबुली दिलीये. पण ते विचारणार, एकट्यानंच केलं की आणखी कोणी होतं? तू बघून सांग. नाहीतर हाच कागद मी त्यांच्या हातात देणार."

कागदावर सहा ओळींचा माफीनामा होता, खाली कुंदनची सही. 'माझ्याकडून घाईत बदल झाला' या वाक्यावर आडवी रेघ होती आणि त्याखाली नवं वाक्य, 'मी कोणालाही न विचारता बदल केला'. रेघेसकट तसंच छापलेलं.

"माणसाची बोटं तुटली, आणि या पोराला एक पत्र नीट टाईप करता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

मंजुषानं तो कागद दोनदा वाचला. तिला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. तेवीस वर्षांचं पोर, या सहा ओळींवर तुरुंगात जाऊ शकत होतं.

२

कंपनीत कोणाचाही बदल शामसुंदर गायधनींच्या मंजुरीशिवाय मशीनवर जात नसे. सगळे त्यांना शाम सर म्हणत. वय चौपन्न. घराणं रामकुंडावरच्या पुरोहितांचं. थोरले भाऊ अजून यात्रेकरूंचे विधी करतात. हे एकटेच कॉम्प्युटरकडे वळले. बाकीच्या कंपन्यांतले मॅनेजर मीटिंगा घेतात आणि पोरांची माथी पिकवतात. शाम सर अजून स्वतः कोड लिहायचे, आणि काय लिहायचे! इथे नोकरी करणाऱ्याला बाहेरचे म्हणायचे, नशीबवान आहेस लेका.

हातात स्टीलचा पेला घेऊन ते टेबलांमधून फिरायचे. कोणी अडकलेलं दिसलं की मागे थांबायचे, खुर्ची हलकेच ओढायचे आणि म्हणायचे, "ऊठ जरा, मी बघतो." पोरगं उठायचं, सर बसायचे, दहा मिनिटांत काम फत्ते. पोरांना देव भेटल्यासारखं व्हायचं. मंजुषाचीही अकरा वर्षं याच मायेत गेली होती.

आज ते खचलेले दिसले. दाढी वाढलेली.

"माझंच चुकलं, मंजुषा," ते म्हणाले. "संध्याकाळी साडेपाचला मंजुरी दिली, ती डोळे झाकून. पोरावर विश्वास टाकला."

"त्यानं का केलं असेल, सर?"

"ती प्रेस सारखी अडायची. दोन्ही बटणं दाबली तरी हलायची नाही. पोराला वाटलं असेल, वेळ वाढवली की सुटेल." त्यांनी डोळे पुसले. "त्याला सांभाळून घ्या गं. लहान आहे."

मंजुषाच्याही डोळ्यांत पाणी आलं. एवढं होऊनही हा माणूस पोराचीच काळजी करतो, असं तिला वाटलं.

मग तिनं अथर्वला गाठलं. तो कुंदनच्या शेजारी बसायचा आणि महिनाभर त्याच्याशी बोलत नव्हता.

"कुंदनचा पासवर्ड तुला माहितीये?"

"सगळ्यांना माहितीये. स्क्रीनला चिकटवलाय त्यानं."

"मग भांडण कशावरून?"

"अहो ताई, स्वच्छतेचं खूळ आहे त्याला. माझ्या फाईलीतल्या सहा जुन्या ओळी न विचारता उडवल्या. म्हणे कोडमध्ये कचरा नको. मी ठेवल्याचं मलाही आठवत नव्हतं, पण विचारायचं तरी!"

त्या आदल्या गुरुवारी रिसेप्शनवरच्या ओवीचा वाढदिवस होता. चारला सगळे खाली टपरीवर गेले होते, समोशावर मेणबत्ती लावून. कंपनीच्या ग्रुपवर फोटो होता, चार वाजून तेरा मिनिटांनी टाकलेला. त्यात कुंदन तोंडभर हसत होता. टपरीवरून वर यायला तीन मिनिटं तरी लागतात. म्हणजे चार बाराला कुंदन आपल्या खुर्चीत नव्हता!

तिनं पुन्हा माणसं मोजली. शाम सर चहाला कधीच खाली येत नाहीत, ते सोडून द्या. पण आणखी एक चेहरा फोटोत नव्हता. अथर्वचा.

३

"फोटो काढणारा फोटोत कसा दिसेल, ताई?" अथर्व वैतागून म्हणाला आणि त्यानं मोबाईल समोर धरला. फोटो त्याच्याच मोबाईलमधला, वेळ चार अकरा. झालं, तो धागा तिथेच तुटला.

गुरुवारी सकाळी ती वाल्मीककडे गेली. हॉस्पिटलच्या खाटेवर तो बसला होता, उजवा हात कापसाच्या गोळ्यात. निफाडकडचा माणूस, शेजारी बायको आशा.

"ताई, आधी प्रेस लय अडायची," तो म्हणाला. "दिवसाकाठी तीस-चाळीस येळा. मालक कावले. गुरवारी दुपारी माझ्यासमोर फोन लावला त्यांनी."

"कुंदनला?"

"कुंदन कोन त्ये नाय ठावं. शाम सर, शाम सर म्हनत व्हते. अन् शुक्रवारपासून प्रेस अशी गुणाची झाली म्हनता! एकदा अडली नाय. मी आशाला घरी सांगितलं, कोन देवमानूस हाय, मशीनला वळण लावलं त्यानं."

 आशा म्हणाली, "दोन बटनं असत्यात ना त्या मशीनला? आता यांना एकच दाबता यील. मग कामावर कोन घील, ताई?"

 लिफ्टमध्ये मंजुषाला एवढंच सुचलं, की फोन आल्याचं शाम सर बोलले नव्हते.

दुपारी ती मखमलाबादच्या बाजूला कुंदनच्या मळ्यात पोचली. शेवंतीची तोड चालली होती. कुंदनची आई गोजराबाई फुलांचे क्रेट बाजारासाठी भरत होती. तिनं मंजुषाकडे पाहिलंही नाही.

"दोन दिवस जेवला नाय त्यो," ती फुलांकडे बघत म्हणाली. "तुमच्या कंपनीत चांगलं शिकवत्यात म्हनून धाडला व्हता. चांगलं शिकवलं."

कुंदन विहिरीच्या कठड्यावर बसला होता.

"ताई, मला आठवतच नाही," तो म्हणाला. "पण फाईल माझी, नाव माझं. सर म्हणाले, तूच केलं असशील, विसरलास."

"आणि तू मान्य केलंस? अरे, चार बाराला तू टपरीवर समोसा खात होतास!"

"ताई, मला रोजच आठवत नाही." तो रडायला लागला. "काल न सुटलेलं आज सुटलेलं असतं. वाटतं, मीच केलं असेल जाता जाता. सरांनी बसून केलेलं आणि मी केलेलं, दोन्ही माझ्याच नावावर पडतं. मग माझं कुठलं, हे मी बघायचंच सोडून दिलं."

 हे मंजुषालाही ओळखीचं होतं.

"ते पत्र? त्यात खोडलेलं वाक्य का ठेवलंस?"

"कुठलं खोडलेलं? मी वाचलंच नाही, ताई. हात कापत होते माझे. सर म्हणाले, ऊठ जरा, मी लिहून देतो, तू फक्त सही कर."

४

शुक्रवारी दिवसभर मंजुषा आपल्या जागेवरून हलली नाही. तिनं आधी प्रेसची फाईल उघडली. पाच सेकंदांच्या ओळीच्या वर अर्ध्या सेकंदाची जुनी ओळ तशीच होती, फक्त समोर दोन तिरक्या रेघा मारलेल्या. तशा रेघा मारल्या की मशीनच्या लेखी ती ओळ मेली, पण माणसाला वाचता येते. तरणी पोरं असं करत नाहीत. जुनं सगळं फाईलीच्या इतिहासात आपोआप जपलं जातं, म्हणून ती सरळ पुसतात. आणि कुंदन? तो तर दुसऱ्याच्याही पुसत होता!

पत्रातही तेच. वरची ओळ तशीच, खाली नवी.

अशी वही तिनं एकदा पाहिली होती. नऊ वर्षांपूर्वी तिचे वडील वारले तेव्हा दहाव्याला शाम सर तिला रामकुंडाजवळ थोरल्या भावाकडे घेऊन गेले होते. यजमानांच्या पिढ्यान् पिढ्यांची नावं लिहिलेली जाडजूड वही भावानं काढली. आजोबांच्या नावात चूक निघाली, तेव्हा त्यांनी नाव पुसलं नाही. वर बारीक रेघ ओढून खाली नवं लिहिलं. 'पुसायचं नाही, हा आमच्या वडिलांचा दंडक,' ते म्हणाले होते. 'आमच्या शाम्यालाही लहानपणी याच वहीवर बसवायचे. अक्षर त्याचं, नाव यजमानाचं.' मंजुषाला रडू आवरेना तेव्हा तिचा मजकूर शाम सरांनीच तिच्या नावानं लिहिला आणि तिची फक्त सही घेतली.

तिनं सगळ्यांच्या फाईलींचा इतिहास उपसायला घेतला. अथर्व, बाकीचे सगळे, सोडून गेलेली पोरं. रेघा मारलेली जुनी ओळ आणि तिच्याखाली नवी, असा बदल त्रेचाळीस ठिकाणी सापडला. बहुतेक चारच्या चहाच्या वेळचे, निरनिराळ्या नावांनी. आणि प्रत्येक अवघड काम नेमकं तिथेच सुटलेलं.

चव्वेचाळिसावा बदल तिच्या स्वतःच्या फाईलीत होता.

मोटर जळायच्या आधी थांबवणारा तो कोड. त्यावरच तिला बढती मिळाली होती, वार्षिक समारंभात शाल मिळाली होती. आठ दिवस तो सुटत नव्हता आणि रजेवरून परत येऊन पाहिलं तर चालत होता. रजेवर जाता जाता आपण काहीतरी बरोबर केलं असावं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. बदलाची वेळ होती संध्याकाळचे पाच चाळीस. तारीख तिच्या वडिलांच्या मृत्यूची. पाच चाळीसला ती देवळाली कॅम्पच्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभी होती.

वर तिची ओळ, दोन तिरक्या रेघा मारलेली. खाली सगळं दुसऱ्याचं.

नऊ वर्षं ती ज्या एका गोष्टीच्या जोरावर मान ताठ ठेवून जगली, ती तिची नव्हतीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काय तिला कळत नव्हतं? ही एक फाईल बाजूला ठेवायची, बाकी त्रेचाळीस दाखवायच्या. कोणाला कळणार होतं?

५

शनिवारी दहा वाजता केबिनमध्ये तिघं होते. मॅडम, शाम सर आणि मंजुषा. पोलीस यायला तास होता.

मंजुषानं एकेक गोष्ट मांडली. फोन कुंदनला नाही, सरांना आला होता. चार बाराला सगळे खाली होते, वर एकटे सर. कुंदन जुनी ओळ कधीच ठेवत नाही. फाईलीत आणि पत्रात सुधारायची पद्धत एकच, आणि तीच त्रेचाळीस ठिकाणी आहे. सर पेल्यात बघत होते.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "फोटो चार अकराचा, एका मिनिटाच्या फरकावर मी एवढा मोठा आळ घेऊ? आणि ही सवय पोरांनाही लागली असेल. गुरूचं बघून शिष्य करतो. सगळे म्हणतील, आम्हीच केलं. कोण सांगेल, की माझं नाव आहे पण काम माझं नाही?"

खरंच होतं ते. असं कोण सांगेल?

मंजुषानं पिशवीतून दोन कागद काढले. एक तिच्या फाईलीतला बदल. दुसरा वडिलांचा हॉस्पिटलचा कागद; त्यावर पाच पस्तीसला नातेवाईक म्हणून तिची सही होती.

"मी सांगते," ती म्हणाली.  "तो मोटरचा कोड माझा नाही, मॅडम. माझी शाल माझी नाही. मी तिकडे सही करत होते, तेव्हा इथे माझ्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं होतं."

"अगं, ते कशाला काढलंस?" शाम सर एकदम बोलले. "ते राहू दे. ते तुझ्या नावावर आहे ना, तुझंच आहे ते. तुझे वडील तिकडे... मला वाटलं, पोरगी परत आल्यावर तिला एक तरी गोष्ट झालेली दिसावी."

 आपण काय कबूल केलं ते त्यांनाही कळलं.

"दोन मिनिटांचं काम होतं," ते म्हणाले. "बटण खराब आहे की कोड, एवढंच बघायचं होतं. वेळ वाढवली, वर्कशॉपला विचारायचं, आणि परत अर्धा सेकंद करायचा. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली. दुसऱ्या टेबलावर गेलो. साडेपाचला कुंदनचं काम मंजुरीला आलं. स्वतःच शिकवलेला पोरगा, काय तपासायचं?"

"आणि मंगळवारी?" मंजुषानं विचारलं.

"मंगळवारी फाईल उघडली, वरची ओळ बघितली आणि ओळखलं."

"मंगळवारी! आज शनिवार आहे, सर."

"बोलायला गेलो. तोंड उघडेना." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "वाटलं, पोरगा तरुण आहे, सावरेल. मी काही सावरणार नाही."

मंजुषाला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण रागाखाली जे होतं ते फार वाईट होतं. अकरा वर्षं जिच्या पाया पडावंसं वाटलं ती माया हीच होती. जो हात दुसऱ्याच्या नावानं चांगलं लिहीत होता, त्यानंच दुसऱ्याच्या नावानं गुन्हा लिहिला. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि तेही इतक्या प्रेमानं की शेताला कळलं नाही.

"पोलिसांना आता काय लिहून देऊ?" मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या.

शाम सरांचा हात सवयीनं मॅडमच्या कीबोर्डकडे गेला. "उठा जरा," ते म्हणाले, "मी लिहून देतो."

"लिहा, सर," मंजुषा म्हणाली. "पण या वेळेला स्वतःच्या नावानं."

६

शाम सरांच्या जबाबावर कुंदन सुटला. मॅडमनी तो माफीनामा त्याच्यासमोर फाडला आणि कामावर ये म्हणून सांगितलं. तो आला नाही.

मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला. मागून गोजराबाईचा क्रेट ओढल्याचा आवाज येत होता.

"ताई, तुम्ही सगळ्यांच्या फाईली बघितल्यात ना? दोन वर्षांत माझं किती होतं त्यात?"

मंजुषानं बघितलं होतं. जे जे अवघड होतं, ते सगळं वरची ओळ ठेवून झालेलं.

"बरंच होतं रे," ती म्हणाली.

"खोटं नका बोलू, ताई. सरही असंच म्हणायचे." मागे पुन्हा क्रेट ओढला गेला. "मी फुलंच बघतो आता. ती तरी मी तोडली की मला माहीत असतं."

फोन ठेवून ती प्रेसच्या फाईलीकडे वळली. अर्धा सेकंद पुन्हा लावून झाला होता, त्यामुळे प्रेस पुन्हा अडत होती. अशाच प्रेस आणखी अकरा वर्कशॉपमध्ये होत्या. खबरदारी म्हणून सगळ्या बंद, माणसं बसून, मालक फोनवर फोन करत होते. दोन्ही बटणं एकदम दाबूनही कोडला ती वेगवेगळी का वाटतात, हे कोणीतरी शोधायला हवं होतं. कंपनीत आता शाम सर आणि कुंदन वजा होऊन, ओवी आणि मॅडम धरून बाराच माणसं होती. त्यातलं कोण शोधणार हे प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून सगळे मंजुषाकडे बघत होते. मोटरचा कोड तिनंच लिहिला होता ना!

तो तिनं लिहिला नव्हता, हे आता त्यांनाही माहीत होतं. तरी बघत होते, कारण दुसरं कोणी नव्हतंच.

तिनं एक ओळ लिहिली. चुकीची वाटली, पुसली. दुसरी लिहिली, तीही पुसली. सकाळपासून तिसाव्यांदा असेल. अकरा वर्षांत एकही अवघड गोष्ट तिनं शेवटापर्यंत एकटीनं नेली नव्हती, आणि हे तिला या चार दिवसांत पहिल्यांदा कळत होतं. वाल्मीकला उद्या कोणी प्रेसवर उभं करणार नव्हतं. पण दुसरा कोणीतरी उभा राहणारच होता, आणि त्याची दहा बोटं आता तिच्या हातात होती.

चार वाजले. सगळे खाली चहाला गेले. मंजुषा गेली नाही. रिकाम्या हॉलमध्ये पंखा फिरत होता आणि ती कीबोर्डवर हात ठेवून बसली होती. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं, की आपण विचार करतच नाही आहोत; पाठ किंचित पुढे घेऊन, मागे कोणीतरी येऊन खुर्ची ओढेल याची वाट बघत आहोत.

कोणी आलं नाही. चार वाजून बारा मिनिटं झाली, आणि तिनं पुन्हा एक ओळ लिहायला घेतली.